एका प्लगइनवरचा ठराव मागे घ्या : संयुक्त संकेतस्थळ समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपन्या, सार्वजनिक वाचनालये व शाळा यांची संयुक्त संकेतस्थळ समिती

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावी माझे लहानसे सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीक विम्याचे अर्ज ही दिवसभराची कामे आटोपली की संध्याकाळी मी समितीतल्या नऊ संस्थांच्या संकेतस्थळांची देखभाल करते. गेल्या महिन्याच्या बैठकीत समितीने केलेला ठराव मला बैठकीनंतर कळला. आकडे देवनागरीत दाखवणारे प्लगइन (वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम) सर्व संकेतस्थळांवरून काढून टाकावे, प्रत्येक संस्थेने आपापल्या खात्यावरून त्याला एक स्टार द्यावा आणि ते बनवणाऱ्याशी यापुढे कसलाही पत्रव्यवहार करू नये, असा तो ठराव आहे. चार दिवसांत त्या प्लगइनच्या पानावर जवळपास एकाच मजकुराचे सात अभिप्राय पडले. मी कार्यालयात येऊन तोंडी बोलले, नंतर लेखी अर्जही दिला. उत्तर आले नाही. ज्याच्यावर ठपका ठेवला त्याची बाजू कोणी विचारली नाही आणि ठपका मात्र जगाला दिसेल अशा ठिकाणी लिहिला गेला, म्हणून माझे म्हणणेही मी उघडपणे मांडते आहे.

दिवाळीनंतरच्या ज्या सोमवारी हे सगळे सुरू झाले, तो दिवस मला नीट आठवतो. कापसाची आवक नुकती कुठे सुरू झाली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास पांदण तुडवत आलेले एक वयस्क कास्तकार माझ्या केंद्रात बसले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कंपनीच्या संकेतस्थळावर भावाच्या तक्त्याखाली नवा हिशेब-फॉर्म बसवला होता. वजन टाकायचे, कापसाचा प्रकार निवडायचा, म्हणजे हमीभावाने किती रक्कम होते ते खाली दिसते. काकांनी बारा क्विंटल चाळीस किलो टाकले होते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, तेव्हा उत्तर १,००,५६४ रुपये यायला हवे होते. त्या जागी ‘एनएएन’ अशी तीन रोमन अक्षरे उमटली होती. काका म्हणाले, ‘‘पोरी, माह्या कापसाचे पैसेच नाही दाखवत वं हे.’’ मी वही काढली, हिशेब मांडून आकडा कागदावर लिहून दिला आणि तो कागद त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. त्या दिवशी असे हिशेब मी आणखी कितीतरी जणांना लिहून दिले. तेव्हा बिघाडाने लोकांना झालेला त्रास मी कमी लेखते आहे, असे समितीने कृपया समजू नये.

आता त्या तीन अक्षरांचा अर्थ. ‘हा आकडा नव्हे’ असे सांगण्याची जावास्क्रिप्टची, म्हणजे पानावरचे हिशेब करणाऱ्या संगणकीय भाषेची, ती पद्धत आहे. हिशेबाचे प्लगइन भाव कुठून घेत होते, तर वरच्या तक्त्यातल्या चौकटीत जे छापले असेल ते वाचून. देवनागरी अंकांचे प्लगइन त्याच चौकटीतला आकडा पान तयार होतानाच ‘८११०’ असा मराठीत करून ठेवत होते. तुम्हा-आम्हाला तो आकडा वाचता येतो, जावास्क्रिप्टला मात्र इंग्रजी अंकच संख्या म्हणून कळतात. देवनागरी अंक त्याच्या लेखी अक्षरेच असतात. एकाने मराठी वाचकासाठी बरोबर केलेले काम दुसऱ्याच्या हिशेबाला अडले, इतकेच काय ते घडले होते.

समितीने मानधनावर नेमलेल्या तंत्रज्ञाने त्याच्या आधीच्या शनिवारी रात्री तीन गोष्टी एकदम केल्या होत्या. हिशेबाचे प्लगइन बसवले, पाने पटकन उघडावीत म्हणून कॅशेचे प्लगइन बसवले आणि होस्टिंगवरची पीएचपी (संकेतस्थळ ज्या संगणकीय भाषेवर चालते ती) ७.४ वरून ८.२ वर नेली. यातली एकही गोष्ट मुळात चुकीची नव्हती. पीएचपी ७.४ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले आहे, तेव्हा ते काम उलट उशिराच झाले. पण तिन्ही एका रात्रीत, चालू संकेतस्थळावर, खरेदीच्या तोंडावर केल्याने बिघाड नेमका कशातून आला हे सोमवारी कोणालाच सांगता येईना. तंत्रज्ञावर माझा रोष नाही. हंगामापूर्वी सगळे आटोपलेच पाहिजे, असा तगादा त्याच्यामागे समितीनेच लावला होता.

सोमवारी दुपारी त्याने अंकांचे प्लगइन बंद केले. बिघाड तरीही तसाच राहिला, कारण कॅशेने जुने पान बारा तासांसाठी साठवून ठेवले होते आणि वाचकांना तेच मिळत होते. याचा अर्थ समितीत असा लावला गेला की प्लगइन काढूनही त्याने संकेतस्थळात ‘काहीतरी सोडून ठेवले आहे’. मंगळवारी कॅशे रिकामी झाली, हिशेब बरोबर दिसू लागला आणि मग दुसरा निष्कर्ष निघाला : ते काढल्यावर बिघाड गेला, म्हणजे दोष त्याचाच. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे की ठराव या दोन निष्कर्षांवर उभा आहे.

आपल्याकडे संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद आणि चुन्याचे ते मिश्रण अल्कधर्मी असते, म्हणून त्याच पंपात ऑर्गनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक मिसळले तर त्या कीटकनाशकाचे विघटन होऊन त्याचा जोर जातो. बोर्डो न घालता फवारले की कीटकनाशक लागू पडते, म्हणून कोणी बोर्डोला खोटे औषध ठरवत नाही. प्लगइनच्या भांडणाचेही तसेच आहे. दोघांच्या एकत्र येण्यातून बिघाड होत असेल, तर दोघांपैकी कोणतेही एक बंद केले तरी तो थांबतो. अंकांचे प्लगइन बंद केल्यावर फॉर्म चालला हे खरे. पण हिशेबाचे प्लगइन बंद केले असते तर तक्ताही तितकाच व्यवस्थित दिसला असता. बंद केल्यावर बिघाड थांबला यावरून एवढेच कळते की ते प्लगइन त्या प्रकरणात होते. अपराधी कोण, हे त्यावरून कळत नाही.

मी संकेतस्थळाची चाचणी प्रत वेगळी काढून हे तपासले. आधी ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ या मोफत प्लगइनने सर्व एकोणीस प्लगइन आणि थीम माझ्यापुरती बंद केली. हे साधन चालू संकेतस्थळावरही वापरता येते, कारण त्यात लॉगइन केलेल्या व्यवस्थापकालाच सगळे बंद दिसते, वाचकांना काही कळत नाही. मग अर्धी-अर्धी प्लगइन चालू करत गेले. एकच प्लगइन बिघडले असेल तर एकोणिसांतून ते शोधायला असे जास्तीत जास्त पाच टप्पे लागतात. दोघांचे भांडण असेल तर ती दोन वेगवेगळ्या गटांत जाऊन फसवतात, म्हणून संशयित एक कायम चालू ठेवून बाकीची तपासावी लागतात. या सगळ्याला मला चाळीस मिनिटे लागली. एकटे अंकांचे प्लगइन चालू असताना सगळे ठीक होते, एकटे हिशेबाचे चालू असतानाही ठीक होते आणि दोन्ही चालू केली की ‘एनएएन’. चौथ्या वेळी दोन्ही चालू ठेवून भावाच्या चौकटींना ‘अंक बदलू नका’ असे सांगणारा एक वर्ग (‘क्लास’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये चौकटीला लावायची खूण) लावला आणि काकांचे बारा क्विंटल चाळीस किलो टाकले; १,००,५६४ हे उत्तर बरोबर आले. तो वर्ग प्लगइनमध्ये पहिल्यापासून आहे आणि त्याच्या माहितीपानावर त्याचा उल्लेखही आहे.

दुसरी तक्रार अभिप्रायांच्या मजकुराबद्दल आहे, आणि ती मला सर्वांत जास्त लागली आहे. सातही अभिप्रायांत ‘फसवणूक’ हा शब्द आहे आणि दोहोंत ‘माहिती चोरणारे’ असे लिहिले आहे. प्लगइनचा कोड कोणालाही वाचता येतो. मी तो ओळीओळीने पाहिला. त्यातून बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरकडे एक अक्षरही जात नाही. चोरीचा आळ हा गावात चारचौघांत घ्यायचा झाला तर आपण दहादा विचार करतो. इथे तो एका तरुणावर घेतला गेला, जो एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, रात्री वेळ काढून हे काम करतो आणि ज्याला आपल्या नऊ संस्थांकडून आजवर एक रुपयाही गेलेला नाही. वर्डप्रेस ज्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येते, त्याच परवान्याखाली त्याने आपले काम सर्वांना दिले आहे, आणि हे सॉफ्टवेअर कोणत्याही हमीशिवाय दिले जाते असे त्या परवान्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हमी नाही म्हणजे जबाबदारीच नाही असे मी म्हणणार नाही. पण पैसे देऊन घेतलेल्या सेवेकडून ज्या भाषेत जाब विचारतात, त्या भाषेत फुकट मदत करणाऱ्याला विचारू नये, इतके तरी आपल्याला कळायला हवे.

त्या प्लगइनच्या पानावर ‘अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेले नाही’ अशी सूचना दिसते, म्हणून ते ‘बंद पडलेले’ आहे, असाही मुद्दा बैठकीत आला म्हणे. ती सूचना माहितीफाइलमधला आवृत्तीचा आकडा वाढवायचा राहिला की आपोआप येते. त्यावरून सावध जरूर व्हावे, तपासूनही पाहावे. पण प्लगइन मोडले आहे असे ती सूचना म्हणत नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या स्वतःच्या चुकीमुळेही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आले, त्यानंतर एका वाचनालयाच्या संकेतस्थळावरची फिरती छायाचित्रे जागच्या जागी थांबली. मी त्याच संध्याकाळी त्या छायाचित्रांच्या प्लगइनला एक स्टार दिला आणि ‘वापरू नका’ असे लिहून मोकळी झाले. पुढे कळले की जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंग्रहावरच्या जुन्या कोडला सांभाळून घेणारा ‘मायग्रेट’ हा भाग त्या आवृत्तीत वर्डप्रेसनेच काढून घेतला होता, त्यामुळे जगभरच्या असंख्य संकेतस्थळांवर अशा गोष्टी थांबल्या होत्या, आणि तात्पुरता उपाय म्हणून ‘एनेबल जेक्वेरी मायग्रेट हेल्पर’ नावाचे प्लगइनही लगेच मिळत होते. माझ्या अभिप्रायाखाली त्या अनोळखी माणसाने हेच सारे शांतपणे समजावून लिहिले होते. मी ते वाचायला दोन महिने लावले. अभिप्राय बदलला, क्षमाही मागितली; तोवर किती जणांनी माझे ‘वापरू नका’ वाचून ते टाळले असेल, हे मला कधीच कळणार नाही. दिलेला अभिप्राय नंतर बदलता येतो, ही सोय तिथे आहे. आपण ती वापरावी, अशी माझी विनंती आहे.

प्लगइन बनवणाऱ्या शिक्षकाचे काही चुकलेच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. त्याचे प्लगइन पानावरचा सगळाच मजकूर चाळून अंक बदलते, ही पद्धत ढोबळ आहे. फॉर्म आणि हिशेबाच्या चौकटी त्याने आपणहून वगळायला हव्या होत्या. ‘अंक बदलू नका’ या वर्गाची माहिती पानाच्या तळाशी आणि फक्त इंग्रजीत आहे, मराठी वाचकांसाठी केलेल्या वस्तूच्या बाबतीत हे बरे नव्हे. हेच मी त्याला लिहून कळवले, सोबत वर्डप्रेसची आणि पीएचपीची आवृत्ती, थीमचे नाव, चालू प्लगइनची यादी, काय केले की काय दिसते याचे क्रमवार वर्णन आणि स्क्रीनचे चित्र पाठवले. त्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. दुरुस्तीला आठवडाभर लागेल, असे त्याने आधी लिहिले होते. आपले सात अभिप्राय पडले त्या रात्री त्याने दुसरे पत्र पाठवले, की प्लगइन आता बंदच करावे असे वाटते. कर्त्याच्या विनंतीवरून प्लगइन बंद झाले की त्याला पुढची अपडेट मिळत नाहीत. आपल्या तालुक्याबाहेरही ज्या शाळा आणि वाचनालये ते वापरतात, त्यांचे काय होईल याचा विचार ठराव करताना झाला असावा असे दिसत नाही. मला असे प्लगइन लिहिता येत नाही. समितीत कोणाला येत असेल, तर माझ्या माहितीत नाही.

एकट्याने काम करणाऱ्या माणसावर चहूबाजूंनी दबाव आला की काय होते, याचे मोठे उदाहरण ताजेच आहे. ‘एक्सझेड’ नावाचे, फाइली आवळून लहान करणारे साधन लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांवर असते आणि ते वर्षानुवर्षे एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे धोशा लावला, की काम फार मंद चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मनःस्थिती बरी नसल्याचे त्याने उघडपणे लिहिले होते. पुढे मदतनीस म्हणून त्याचा विश्वास मिळवलेल्या व्यक्तीने त्या साधनात चोरवाट बसवली. २०२४ च्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगइन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि त्याचा माग काढताना ती चोरवाट सापडली. आपल्या तालुक्यात तसे कारस्थान नाही, हे मला माहीत आहे. परंतु टोचून बोलून थकवलेला माणूस आपले काम सोडतो, किंवा जो पहिला पुढे येईल त्याच्या हाती देतो, आणि मग ते कोणाच्या हाती गेले हे पाहायला आपल्याकडे कोणी नसते.

तिसरी तक्रार आपल्याच घरची आहे. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे मे २०१९ पासून, एखाद्या प्लगइनमुळे संकेतस्थळ पूर्ण बंद पडले तर व्यवस्थापकाच्या ईमेलवर त्या प्लगइनचे नाव आणि दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा दुवा आपोआप जातो. २०२३ मध्ये एका वाचनालयाचे संकेतस्थळ पाच दिवस असेच बंद होते. दोन प्लगइनांनी एकाच नावाचे फंक्शन लिहिले होते आणि दुसरे आल्याबरोबर पीएचपीने हात टेकले. तो ईमेल पहिल्याच मिनिटाला आला होता. पण तो पत्ता तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सचिवांचा होता. आजही नऊपैकी चार संकेतस्थळांवर असेच जुने पत्ते आहेत. मी दोनदा कळवले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. ठराव मागे घ्यावा. सातही अभिप्रायांतून ‘फसवणूक’ आणि ‘माहिती चोरणारे’ हे शब्द ताबडतोब काढावेत, कारण ते खोटे आहेत. त्यानंतर ज्या संस्थेला जो अनुभव आला तो तिने आपल्या शब्दांत लिहावा आणि तिला पटतील तेवढे स्टार द्यावेत. तीन स्टार आणि दोन खऱ्या उणिवा, असा अभिप्राय त्या शिक्षकाला उपयोगी पडेल, आणि मी स्वतः तसाच दिला आहे. समितीने त्याला दिलगिरीचे पत्र पाठवावे.

यापुढे कोणतेही अपडेट आधी चाचणी प्रतीवर, पूर्ण बॅकअप घेऊन आणि एका वेळी एकच करावे. खरेदीच्या हंगामात सुरक्षेची दुरुस्ती सोडून दुसरा बदल करू नये. प्रत्येक संस्थेत एक नोंदवही असावी. कोणी, कधी, काय बदलले हे तिच्यात तारखेसह लिहिलेले असले तर सोमवारी सकाळी शनिवारची रात्र आठवत बसावे लागणार नाही. व्यवस्थापकांचे ईमेल पत्ते याच आठवड्यात बदलावेत. बिघाड कळवायचा मराठी नमुना मी तयार केला आहे, तो सर्व संस्थांनी वापरावा, आणि जाहीर अभिप्राय देण्यापूर्वी प्लगइन बनवणाऱ्याला उत्तरासाठी किमान सात दिवस द्यावेत. होस्टिंगसाठी दरवर्षी आपण तरतूद करतो. ज्यांचे काम फुकट वापरतो त्यांच्यासाठीही थोडी तरतूद करावी, आणि पैसे शक्य नसतील तर चाचणीचे आणि मराठी अनुवादाचे तास द्यावेत. अनुवादाची सुरुवात मी केली आहे. तळाशी दडलेली ती सूचना आता मराठीत तयार आहे आणि ती पानाच्या सुरुवातीला घेण्याचे त्या शिक्षकाने मान्य केले आहे, प्लगइन चालू राहिले तर.

चाचणी प्रत मी अजून काढून टाकलेली नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत या विषयाला पंधरा मिनिटे द्यावीत. मी लॅपटॉप घेऊन येईन आणि चारही वेळचे हिशेब सर्वांसमोर करून दाखवीन. हिशेबाच्या प्लगइनच्या बाजूने बोलायला तंत्रज्ञ मित्रानेही यावे, आणि त्या शिक्षकाला फोनवर घेऊन त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

आपली नम्र,
समितीतील नऊ संस्थांच्या संकेतस्थळांची देखभाल करणारी एक सेवा केंद्रचालक